केमो लागू पडेनाशी का होते? फुफ्फुसाचा कॅन्सर आणि आपल्याच रोगप्रतिकारक पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजी विभागात काम करते. बायप्सीचे तुकडे, ते जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाईड्स यांतच माझा दिवस जातो. रिपोर्ट घ्यायला आलेले नातेवाईक खिडकीशी घुटमळतात, आणि जरा ओळख झाली की निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतात: पहिल्या सायकलींना गाठ आटली होती, मग परत वाढली कशी? आमच्या बाबांची प्रतिकारशक्ती कमी पडली का? त्यांना आणखी काय खायला द्यायला हवं होतं? या प्रश्नांमागे घरच्यांनी स्वतःला लावून घेतलेला दोष असतो, आणि तो बहुतेक वेळा बिनबुडाचा असतो. उभ्याउभ्या सांगण्याजोगं हे उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. उपचार काय द्यायचे हे तुमचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते यातून कळावं.

केमो लागू पडत नाही म्हणजे नक्की काय होतं?

कधी पहिल्या सायकलपासूनच गाठीवर परिणाम दिसत नाही. कधी सुरुवातीला गाठ छान आटते आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही पाहायला मिळतं. सुमारे ८५ टक्के रुग्णांना नॉन-स्मॉल सेल प्रकार असतो आणि साधारण १५ टक्के रुग्णांना स्मॉल सेल. स्मॉल सेलची गाठ केमोला चटकन दाद देते आणि तितक्याच लवकर उलटतेही.

याची काही कारणं कॅन्सर पेशीच्या आत असतात. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन ही केमोची प्लॅटिनम कुळातली औषधं डीएनएच्या धाग्यांना गाठी मारतात, म्हणजे पेशीला आपली प्रत काढता येऊ नये. चिवट पेशी त्या गाठी सोडवायला शिकतात. काही पेशी औषध उपसून बाहेर टाकतात, तर काही ग्लुटाथायोन नावाच्या रेणूने औषधाला बांधून निकामी करतात. हे सगळं खरं आहे, पण एवढ्याने कोडं सुटत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत ज्या औषधाने कॅन्सर पेशी मरतात, त्याच औषधाला त्या शरीरात पुरून उरतात. बशीत त्या एकट्या असतात, शरीरात नसतात. या पानाचा विषय त्यांच्या शेजारपाजारच्या पेशी हा आहे.

गाठीत रोगप्रतिकारक पेशी असतात? त्या तर कॅन्सरशी लढतात ना?

असतात, आणि भरपूर असतात. फुफ्फुसाच्या गाठीची स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की गुलाबी-जांभळ्या रंगात कॅन्सर पेशींचे पुंजके दिसतात. पुंजक्यांभोवती मोहरी सांडल्यासारखे गडद जांभळे ठिपके असतात, त्या लिम्फोसाइट पेशी. मधूनमधून मोठ्या, फिकट, फेसाळ पेशी दिसतात, त्या मॅक्रोफेज. त्यांच्या पोटात बरेचदा काळे कण असतात. वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेलेली ही काजळी: कुणाची सिगारेटची, कुणाची चुलीची, कुणाची रस्त्यावरची. मॅक्रोफेजचं कामच मुळी पडेल ते गिळून टाकायचं. ते काळे ठिपके दिसले की त्या माणसाचं निम्मं आयुष्य समोर आल्यासारखं वाटतं.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या सर्जननी बी आणि जमिनीची उपमा दिली. कॅन्सर पेशी हे बी, पण ते कुठे रुजणार हे जमिनीवर ठरतं. मला मात्र सगळ्यात पटते ती हॅरॉल्ड ड्वोराक या पॅथॉलॉजिस्टनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना: गाठ म्हणजे न भरणारी जखम.

ही कल्पना धरून पुढचं वाचा, म्हणजे सगळं सोपं होईल. हात कापला की रोगप्रतिकारक पेशी दोन कामं करतात. आधी जंतू मारतात, मग जखम भरून आणतात. दुसऱ्या कामात त्या नव्या रक्तवाहिन्या आणवतात, वाढीचे रेणू सोडतात आणि मारामारी करणाऱ्या पेशींना शांत बसवतात. तसं केलं नाही तर जखम चिघळतच राहील. कॅन्सरच्या गाठीत पेशींना हे दुसरं काम करायला लावलं जातं, आणि ते कधी संपतच नाही.

मॅक्रोफेज केमोपासून कॅन्सरला नेमकं कसं वाचवतात?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कॅन्सर पेशी सीसीएल२ आणि सीएसएफ-१ असे रासायनिक निरोप पाठवतात. ते वाचून अस्थिमज्जेत तयार झालेल्या मोनोसाइट पेशी रक्तातून गाठीत येतात आणि तिथे मॅक्रोफेज बनतात. केमोने पेशी मरू लागल्या की मोडतोड होते आणि ती उचलायला आणखी मोनोसाइट येतात. केमो स्वतःच मदतनीस बोलावते म्हणा ना. ते जखम भरण्याच्या तयारीने येतात, आणि उरलेल्या कॅन्सर पेशींना त्याचा फायदा होतो.

फायदा अनेक मार्गांनी होतो. मॅक्रोफेज आणि आसपासच्या तंतुपेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात. तो कॅन्सर पेशीला चिकटला की आत स्टॅट-३ नावाची कळ दाबली जाते आणि बीसीएल-२ कुळातली प्रथिनं वाढतात. पेशीचं डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडलं तर तिने आपणहून मरावं अशी निसर्गाची सोय आहे, ती सोय ही प्रथिनं अडवून धरतात. म्हणजे औषध पोचतं, घावही घालतं, पण पेशी मरत नाही.

दुसरी वाट मला फार विलक्षण वाटते. जेमसायटाबिन हे औषध डीएनएच्या एका घटकाची नक्कल आहे, आणि त्या रूपामुळेच पेशी ते आत घेते. २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मॅक्रोफेज अस्सल घटक, म्हणजे डिऑक्सीसायटिडिन, भरभरून बाहेर सोडतात. मग दाराशी अस्सल आणि नकली यांची चढाओढ लागते आणि औषध मागे पडतं. हा अभ्यास स्वादुपिंडाचा होता, पण जेमसायटाबिन फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही देतात, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या बाबतीत उंदरांच्या स्तनाच्या गाठीत असं आढळलं की मॅक्रोफेजची कॅथेप्सिन नावाची विकरं कॅन्सर पेशींना औषधापासून आडोसा देतात.

इंटरनेटवर तुम्हाला 'एम१ चांगल्या, एम२ वाईट' अशी वाटणी वाचायला मिळेल. समजायला ती ठीक आहे, पण खऱ्या गाठीत इतका सरळ मामला नसतो. एकाच मॅक्रोफेजमध्ये दोन्हीकडच्या खुणा सापडतात. जागेनेही फरक पडतो. नॉन-स्मॉल सेल कॅन्सरच्या काही अभ्यासांत कॅन्सर पेशींच्या पुंजक्यांच्या आत शिरलेल्या मॅक्रोफेज जास्त असलेले रुग्ण अधिक जगले. त्याच पेशी बाहेरच्या तंतूंमध्येच रेंगाळत असतील तर मात्र चित्र उलटं होतं. पेशी किती आहेत हे मोजून भागत नाही. त्या कुठे आहेत आणि तिथे काय करताहेत, ते बघावं लागतं.

सीबीसीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या आल्या. म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली ना?

हा गैरसमज घराघरांत आहे. पांढऱ्या पेशी ही एक जात नाही. तुमच्याच रिपोर्टवर टीएलसीच्या, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याच्या खाली न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे टक्के छापलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. न्यूट्रोफिल ५६ आणि लिम्फोसाइट २८ असतील तर उत्तर २ येतं. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १३ असतील तर ६. या आकड्याला एनएलआर म्हणतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या अनेक अभ्यासांत हा आकडा जास्त असलेल्या रुग्णांना उपचारांचा फायदा सरासरीने कमी झालेला दिसला आहे. ५ ही रेघ बऱ्याच ठिकाणी वापरली गेली.

यामागचं एक कारण असं: गाठीच्या निरोपांमुळे अस्थिमज्जा अर्धवट पिकलेल्या पेशी रक्तात सोडू लागते. त्यांना एमडीएससी म्हणतात. त्या टी पेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल फस्त करतात, आणि उपाशी टी पेशी मग लढू शकत नाहीत. पिकलेल्या न्यूट्रोफिल पेशीही आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. ही जाळी खरं म्हणजे जंतू अडकवायला असते, पण कॅन्सर पेशींनाही तिचा आसरा मिळतो.

आता एक काळजीची गोष्ट. हा भागाकार घरी करून घाबरून जाऊ नका. साधा जंतुसंसर्ग, स्टिरॉइड, किंवा केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला देतात ते जी-सीएसएफचं इंजेक्शन, यांपैकी कशानेही हा आकडा फुगतो. आणि हे वाचून ते इंजेक्शन नाकारू तर अजिबात नका. न्यूट्रोफिल फार खाली गेल्या तर साधा ताप जिवावर बेततो. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्री-अपरात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही.

टी पेशींचं काय? त्या तर मारेकरी पेशी म्हणून ओळखल्या जातात.

हो, सीडी८ टी पेशी कॅन्सर पेशीला थेट मारतात. पण त्या केमोलाही हात देतात, हे कळलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. अंडाशयाच्या कॅन्सरवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीतल्या तंतुपेशी कॅन्सर पेशींना ग्लुटाथायोन आणि सिस्टीन पुरवत होत्या. वर सांगितलं तेच ग्लुटाथायोन, सिस्प्लॅटिनला बांधून टाकणारं. कॅन्सर पेशींना जणू घरपोच शिधा मिळत होता. तिथे सीडी८ पेशी आल्या आणि त्यांनी इंटरफेरॉन-गॅमा सोडला, तेव्हा तंतुपेशींचा हा पुरवठा तुटला आणि सिस्प्लॅटिन पुन्हा काम करू लागलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही प्लॅटिनम हाच केमोचा कणा आहे आणि तंतुपेशीही तशाच दाट असतात, म्हणून हा धागा इथे मोलाचा आहे.

टी पेशींमध्येच नियामक टी पेशी नावाचा एक गट आहे. एरवी त्या आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून राखण करतात. गाठीत त्या टीजीएफ-बीटासारखे रेणू सोडून मारेकरी पेशींना गप्प करतात.

आणि काही गाठींच्या कडेला बी पेशी व टी पेशी एकत्र येऊन चक्क छोटी लसिकाग्रंथी उभारतात. स्लाईडवर ती वाटोळी वस्ती लगेच ओळखू येते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये २००८ मध्ये तिचं वर्णन झालं. अशी वस्ती असलेले रुग्ण सरासरीने जास्त काळ जगतात, असं नंतर पुन्हापुन्हा दिसलं आहे.

पण केमो तर प्रतिकारशक्ती मारून टाकते. मग या पेशींचा उपयोग उरतो कुठे?

केमोने रक्तातल्या पेशी उतरतात हे खरंच आहे. पण पेशी मरते कशी, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. काही औषधांनी पेशी मरताना कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणते, आणि एटीपी व एचएमजीबी१ बाहेर सोडते. आसपासच्या पेशींना त्यातून 'इकडे या, हे खा आणि ओळख ठेवा' असा निरोप मिळतो. मग डेंड्रायटिक पेशी तो नमुना टी पेशींना नेऊन दाखवतात. ग्वीडो क्रोमर आणि लॉरेन्स झिटवोगेल यांच्या पॅरिसमधल्या प्रयोगशाळांनी यावर मोठं काम केलं आहे. ऑक्सॅलिप्लॅटिनला हे चांगलं जमतं. त्याच कुळातलं सिस्प्लॅटिन मात्र कॅलरेटिक्युलिन वर आणण्यात कमी पडतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेमकं तेच वापरलं जातं.

दुसरी अडचण अशी की टी पेशी आल्याच तर कॅन्सर पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करतात. टी पेशीवरच्या पीडी-१ ला ते लागलं की टी पेशीला ब्रेक बसतो. पीडी-१ चा शोध तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये लावला. २०१८ चं नोबेल त्यांना आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं.

म्हणून केमोसोबत इम्युनोथेरपी देतात का?

त्याचसाठी. केमोने गाठ फोडायची आणि इम्युनोथेरपीने टी पेशींचा ब्रेक काढायचा.

२०१८ मध्ये किनोट-१८९ या चाचणीचे निकाल आले. नॉन-स्मॉल सेल, पण स्क्वेमस हा उपप्रकार नसलेल्या, पसरलेल्या कॅन्सरचे ६१६ रुग्ण होते. नुसती प्लॅटिनम-पेमेट्रेक्सेड केमो घेतलेल्यांपैकी ४९.४ टक्के रुग्ण १२ महिन्यांनी जिवंत होते. सोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोखणारं औषध घेतलेल्यांपैकी ६९.२ टक्के. केमो दोन्हीकडे तीच. पीडी-एल१ अगदी कमी असलेल्या रुग्णांनाही यात फायदा झाला.

शस्त्रक्रियेआधी देण्याबद्दलची चेकमेट-८१६ ही चाचणी माझ्या कामाच्या जवळची आहे, कारण तिचा निकाल पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर लागला. काढलेल्या फुफ्फुसात एकही जिवंत कॅन्सर पेशी न सापडण्याचं प्रमाण नुसत्या केमोनंतर २.२ टक्के होतं, निव्होलुमॅब हे तशाच प्रकारचं औषध जोडल्यावर २४ टक्के. अशा नमुन्यात गाठीच्या जागी काय दिसतं ते सांगते. व्रणाचे धागे, लिम्फोसाइटची दाटी, कोलेस्टेरॉलच्या सुईसारख्या फटी, आणि मेलेल्या पेशींचा मलबा गिळून फुगलेल्या मॅक्रोफेजचे थवेच्या थवे. ज्या पेशी एरवी गाठीला सांभाळतात त्याच तिथे झाडलोट करत असतात. जखम भरण्याचं काम पुरं झालेलं तिथे डोळ्यांना दिसतं.

मग सगळ्यांनाच इम्युनोथेरपी का देत नाहीत?

पहिलं कारण आजाराचंच. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या गाठींमध्ये टी पेशी सहसा कमी असतात आणि पीडी-१ रोखणारी औषधं तिथे फारशी चालत नाहीत. भारतात फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या (नॉन-स्मॉल सेलचा एक उपप्रकार) सुमारे पाव रुग्णांमध्ये हा बदल सापडतो, म्हणून तो रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगतात. त्या रुग्णांसाठी गेफिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबने आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, गेफिटिनिबला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची जोड दिल्यावर १६ महिने. आपल्याकडच्या रुग्णांवर, आपल्याकडच्या डॉक्टरांनी केलेलं हे काम आहे आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

दुसरं कारण पैसा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लपवण्यात अर्थ नाही. किंमत ऐकून कितीतरी कुटुंबं मागे फिरतात. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा अगदी छोटा डोस, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, वापरून पाहिला. एक वर्षाने जिवंत असलेल्या रुग्णांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा आकडा डोकं-मानेच्या कॅन्सरचा आहे, तो फुफ्फुसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण डोस आणि खर्च यांबद्दल ऑन्कोलॉजिस्टशी मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्मॉल सेल कॅन्सर इतक्या लवकर का उलटतो?

या पेशी आपल्या अंगावर ओळखपत्रासारखी असणारी एमएचसी प्रथिनं फारच कमी ठेवतात, म्हणून टी पेशींना त्या दिसतच नाहीत. इम्पॉवर१३३ या चाचणीत कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडला अ‍ॅटेझोलिझुमॅब या पीडी-एल१ रोखणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १०.३ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेलं. दोनच महिने, असं वाटेल. पण सरासरीमागे काही रुग्ण बराच काळ टिकतात, आणि ते कोण हे शोधणं सध्या चालू आहे. २०२१ मध्ये या कॅन्सरचे चार उपप्रकार मांडले गेले. त्यांतल्या एकात रोगप्रतिकारक पेशींचा वावर जास्त असतो.

प्रतिकारशक्ती वाढवायला काढे, पावडरी, गोळ्या द्याव्यात का?

आतापर्यंतचं वाचलं असेल तर अडचण तुमच्या लक्षात आली असेल. वाढवायची म्हणजे कुठली? मॅक्रोफेज वाढवायच्या, की टी पेशी? गाठीच्या आतल्या, की बाहेरच्या? 'इम्युनिटी बूस्टर'च्या डब्यावर याचं उत्तर नसतं.

एक उदाहरण देते. नेदरलँड्समधल्या संशोधकांना उंदरांमध्ये असं दिसलं की सिस्प्लॅटिन दिल्यावर शरीरातल्या काही पेशी विशिष्ट मेदाम्लं सोडतात, त्याने प्लीहेतल्या मॅक्रोफेज चेतवल्या जातात आणि गाठी औषधाला जुमानेनाशा होतात. त्यांतलं एक मेदाम्ल माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये सापडलं. २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना माशाचं तेल दिल्यावर ते रक्तात वाढलेलंही दिसलं. हेरिंग आणि युरोपातला मॅकरेल खाल्ल्यावरही वाढलं. माणसांमध्ये केमो यामुळे कमी चालते असं सिद्ध झालेलं नाही, तरी त्या संशोधकांनी केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचं तेल टाळायला सुचवलं. तो मॅकरेल म्हणजे आपला बांगडा नव्हे, जात वेगळी आहे. तेव्हा घरचं माशाचं कालवण बंद करू नका, पेशंटला प्रथिनांची फार गरज असते. पण निरुपद्रवी म्हणून आणलेली कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना दाखवा, एवढं मात्र करा.

उलट, पेमेट्रेक्सेड चालू असताना फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी आणि दर नऊ आठवड्यांनी बी-१२ चं इंजेक्शन हा उपचाराचाच भाग असतो. ते 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून सोडू नये.

अँटिबायोटिकने केमोवर परिणाम होतो का?

उंदरांमध्ये होतो. २०१३ मधल्या एका प्रयोगात अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जंतू मारले, तर प्लॅटिनमची औषधं कमी चालली. कारण मोठं रंजक आहे. ते जंतू रोगप्रतिकारक पेशींना तयारीत ठेवतात, आणि त्या तयारीतल्या पेशी गाठीत ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडून औषधाला हातभार लावतात. म्हणजे मॅक्रोफेजच्याच भाऊबंद पेशी इथे केमोच्या बाजूने उभ्या आहेत. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या माणसांमध्ये इम्युनोथेरपीच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्यांना फायदा कमी झालेला दिसला आहे, पण ते मुळातच जास्त आजारी असण्याचीही शक्यता असते. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक घ्यायचंच. सर्दीखोकल्याला मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही.

उलटीसाठी आणि पुरळ येऊ नये म्हणून स्टिरॉइड देतात. ते घातक आहे का?

नाही. पेमेट्रेक्सेडच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस डेक्सामेथासोन देतात, आणि किनोट-१८९ मधल्या रुग्णांनाही ही औषधं द्यावीच लागली होती. फायदा ती घेऊनच झाला. रोज, दीर्घकाळ, मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड चालू असेल तर ते इम्युनोथेरपी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. मनाने बंद मात्र करू नका.

या वाईट पेशींना रोखणारं औषध नाही का?

प्रयत्न खूप झाले आहेत. सगळ्यात चटका लावणारी कहाणी कॅनाकिनुमॅबची आहे. हे औषध इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा रेणू अडवतं. २०१७ मध्ये १०,००० हून जास्त हृदयरोग्यांवरच्या चाचणीत, ध्यानीमनी नसताना, असं दिसलं की सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ७७ टक्क्यांनी कमी झाले. सगळीकडे आशा पल्लवित झाल्या. मग कॅन्सर आधीच झालेल्या रुग्णांना ते डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत दिलं, केमो आणि पेम्ब्रोलिझुमॅबसोबत दिलं. आयुष्य वाढलं नाही. बहुधा गाठ रुजण्याआधी दाह आवरणं आणि रुजल्यावर आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅक्रोफेजना गाठीत येण्यापासून थोपवणारी औषधंही एकेकटी दिल्यावर कमी पडली. एक वाट बंद केली की गाठ दुसरी शोधते. म्हणून आता त्या पेशींना मारण्यापेक्षा त्यांचं काम बदलता येईल का, याकडे लक्ष वळलं आहे. अशी कुठलीही चाचणी जवळपास चालू असेल तर त्याची चौकशी जरूर करा.

आता कॅन्सर झालाच आहे, सिगारेट सोडून काय होणार?

बरंच काही. उंदरांच्या फुफ्फुसात सिगारेटच्या धुराने न्यूट्रोफिलची ती जाळी तयार झाली आणि निपचित पडलेल्या कॅन्सर पेशी जाग्या झाल्या, असं २०१८ मध्ये दिसलं. घरातल्या इतरांनीही पेशंटसमोर ओढू नये.

केमोनंतर आजार वाढला. जुना ब्लॉक पुन्हा तपासून उपयोग आहे का?

शक्य असेल तर नवी बायप्सी चांगली, कारण केमोनंतर गाठीतल्या पेशींची वस्ती बदलते आणि पीडी-एल१ चा आकडाही वर-खाली होऊ शकतो. पण प्रत्येकाची तब्येत पुन्हा सुई सोसण्याजोगी नसते. तेव्हा जुना ब्लॉक कामी येतो. ईजीएफआर आणि पीडी-एल१ दोन्ही त्यावर करता येतात. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जाताना रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाईड्स लेखी अर्ज करून मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच, खिडकीपाशी जुळवून बघा. प्रवासात तो डबीत घालून बॅगेत ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.